व्हिटॅमिनची कमतरता लक्षणांवरून कशी ओळखायची? (मुंग्या, तोल जाणे, थकवा वगैरे)

सांजवारा

बरेच दिवस विचारू की नको असं चाललं होतं, आज धागा काढतेच. सासूबाईंचं वय सत्तरीच्या पुढे, डायबेटीस जुना, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू आहे. गेले काही महिने त्यांच्या दोन्ही तळपायांना मुंग्या येतायत, आधी फक्त बोटांना होत्या, आता घोट्यापर्यंत आल्यात. परवा चालता चालता एका पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्या तशाच पुढे गेल्या, मी हाक मारून सांगेपर्यंत त्यांना पत्ताच नव्हता. आणि अजून एक, बेसिनपाशी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की त्या पुढे झुकतात, एका हाताने बेसिन धरूनच ठेवतात.

जो तो म्हणतो वय झालं, शुगरमुळे नसा खराब होणारच. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे त्यामुळे बी१२ चा काही प्रश्न नाही असंही एकांनी सांगितलं. मला ते पटत नाहीये. तुमच्यापैकी कोणाकडे घरात असं झालंय का? आणि एकूणच कुठलं व्हिटॅमिन कमी पडलं की काय दिसतं, तेही लिहा, म्हणजे सगळ्यांनाच उपयोग होईल.

किनारा

ताई, आमच्याकडे वडिलांना असंच होतं, बी१२ निघालं. तुम्ही आधी एखादी मल्टिव्हिटॅमिन सुरू करून बघा, फरक पडला तर तेच कारण. त्यात नुकसान तर काही नाही.

मध्यमा

@किनारा, चांगल्या मनाने सांगताय पण कृपया असं करू नका. @सांजवारा, टेस्टचं रक्त दिल्याशिवाय एकही गोळी सुरू करू नका. मी प्रॅक्टिस करते, मेडिसिनमध्ये आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत. दोन्ही पायांना सारखंच होतंय, बोटांपासून सुरू होऊन वर चढतंय आणि डोळे मिटले की तोल जातोय. आपला पाय कुठे आहे, कसा वळलाय ही जाणीव पाठीच्या कण्यातल्या मागच्या बाजूच्या तंतूंमधून मेंदूकडे जाते. बी१२ कमी पडलं की त्या तंतूंवरचं आवरण, मायलिन, खराब होत जातं. माणूस मग ती उणीव डोळ्यांनी भरून काढतो, पाय बघत बघत चालतो, म्हणून उजेडात निभावतं आणि अंधारात किंवा डोळे मिटल्यावर तोल जातो. चप्पल निसटलेली न कळणं हेही संवेदना गेल्याचंच लक्षण आहे. डॉक्टर पायाच्या अंगठ्यावर ट्युनिंग फोर्क ठेवून कंप जाणवतो का ते बघतात, दोन मिनिटांचं काम आहे, पण आवर्जून करून घ्या.

शुगरमुळेही पायाला मुंग्या येतात आणि तशाच, दोन्हीकडे, खालून वर. म्हणूनच डायबेटीसच्या पेशंटमध्ये बी१२ निसटून जातं, सगळं शुगरच्या खात्यावर टाकलं जातं. त्यात मेटफॉर्मिन. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात बी१२ शोषलं जातं आणि मेटफॉर्मिन नेमकं तिथे अडथळा आणतं. जितकी वर्षं जास्त आणि डोस जास्त तितकी शक्यता जास्त. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये बी१२ कमी होणं हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम आहे असं स्पष्ट सांगितलं आणि लक्षणं असतील तर लेव्हल तपासा, ज्यांना धोका जास्त त्यांची अधूनमधून तपासत राहा अशी सूचना केली. सासूबाई अ‍ॅसिडिटीची गोळी पण रोज घेतात का? ती वर्षानुवर्षं चालू असेल तर पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी१२ नीट सुटंच होत नाही. दोन्ही चालू असतील तर शंका अजून वाढते.

आता हिमोग्लोबिन. ते नॉर्मल असताना बी१२ मुळे नसांचं नुकसान होऊ शकतं, हे शंभर टक्के खरं आहे. अ‍ॅनिमिया आधी आणि नसा नंतर असा काही क्रम ठरलेला नसतो. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, एमसीव्ही बघा, म्हणजे लाल पेशीचा आकार. बी१२ किंवा फोलेट (बी९) कमी असलं की पेशी मोठ्या होतात, आकडा १०० च्या वर जातो. पण सोबत लोह पण कमी असेल तर लोहामुळे पेशी लहान होतात, दोन्ही एकमेकांना झाकतात आणि एमसीव्ही दिसतो अगदी नॉर्मल. त्यामुळे थेट बी१२ ची लेव्हल, आणि जोडीला फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, करून घ्या.

गोळी आधी का नको तर मल्टिव्हिटॅमिनमध्ये फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे फोलेटचंच गोळीतलं रूप, असतं. त्याने रक्त सुधारतं, रिपोर्ट छान दिसतो आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. आणि बी१२ ची गोळी घेऊन मग रक्त दिलं तर लेव्हल वर दिसणार, पेशींची भूक भागलेली नसली तरी.

रानपाखरू

@मध्यमा, उत्तम प्रतिसाद. मी लॅबमध्ये काम करतो, आमच्या बाजूचं थोडं लिहितो.

बी१२ चा आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली आला की सरळ कमी, ३०० च्या वर असेल तर सहसा ठीक, आणि मधला जो २०० ते ३०० आहे तिथे खरी गडबड असते. रिपोर्टवर 'नॉर्मल' छापून येतं कारण प्रत्येक लॅबची रेंज वेगळी, आणि लोक निश्चिंत होतात. अशा वेळी लक्षणं असतील तर मिथाइलमेलॉनिक अ‍ॅसिड किंवा होमोसिस्टीन करतात, पेशींना बी१२ खरंच पुरत नसेल तर हे दोन्ही वाढतात. फक्त किडनी कमजोर असेल तरी ते वाढतात हे डॉक्टरांना माहीत असू द्या.

दुसरं म्हणजे केसांसाठी म्हणून बायोटिन या बी गटातल्या व्हिटॅमिनच्या जास्त डोसच्या गोळ्या सर्रास खाल्ल्या जातात. बऱ्याच मशीनवरच्या टेस्टची पद्धतच बायोटिनवर चालते, त्यामुळे थायरॉईडचा आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. रक्त देताना समोरच्याला सांगा हो की काय काय गोळ्या चालू आहेत, कोणी सांगतच नाही, आम्ही विचारलं तर "काही नाही, साधी व्हिटॅमिनची" असं उत्तर येतं.

अबोली_

वाचतेय. छान धागा. मला एक विचारायचंय, माझ्या नखांवर पांढरे ठिपके येतात, लहानपणापासून ऐकलंय की कॅल्शियम कमी आहे. खरं का? आणि ओठांचे कोपरे सारखे चिरतात, ते तर बी कॉम्प्लेक्स कमी असल्यामुळेच ना?

मध्यमा

@अबोली_, नखावरचे सुटे पांढरे ठिपके बहुतेक वेळा नखाच्या मुळाशी बारीक मार लागल्याने येतात, नख वाढतं तसे पुढे सरकत निघून जातात. कॅल्शियमशी त्यांचा संबंध नाही. नख मधून दबून खोलगट झालं, पाण्याचा थेंब त्यावर थांबेल इतकं, तर मात्र लोह बघायचं. लोह हे व्हिटॅमिन नाही, खनिज आहे, पण "व्हिटॅमिन कमी झालंय" म्हणून येणाऱ्या कितीतरी बायकांमध्ये शेवटी लोहच कमी निघतं. बर्फ चघळावासा वाटणं, माती खावीशी वाटणं हेही त्यातलंच, आणि लोक ते लाजून सांगत नाहीत.

ओठांचे कोपरे चिरणं बी२, बी६, बी१२, फोलेट, लोह अशा कशानेही होतं. पण नीट न बसणारी कवळी, झोपेत लाळ गळणं, तिथे झालेलं फंगल इन्फेक्शन, ओठ चाटायची सवय, यांनीही होतं आणि हे जास्त वेळा असतं. म्हणून एकटा चिरलेला कोपरा काही सांगत नाही. कोपरे चिरलेत, शिवाय जीभ लालबुंद आणि गुळगुळीत झालीय, तिच्यावरचा खरखरीतपणा गेलाय, तिखटाचा कणही सहन होत नाही आणि दम लागतोय, असं सगळं एकत्र आलं की मग त्याला अर्थ येतो. बी१२ मध्ये आणखी एक दिसतं, बोटांच्या सांध्यांवरची कातडी अचानक काळवंडते. हे पुष्कळदा पेशंटच्या आधी घरच्यांच्या लक्षात येतं.

पानगळ

डी बद्दल कोणीच लिहिलं नाही अजून म्हणून माझा अनुभव देते. मला वाटायचं डी कमी म्हणजे हाडं दुखणार. मला हाडं नंतर दुखली, आधी मांड्यांमधली ताकद गेली. खाली बसले की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता यायचं नाही, जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढायचे, पण हातात वस्तू पकडायला, पेन धरायला काही त्रास नव्हता. मग नडगीवर आणि बरगड्यांवर बोटाने दाबलं की कळ यायची. वर्षभर संधिवाताच्या गोळ्या खाल्ल्या, मग एका डॉक्टरांनी फक्त खुर्चीतून हात न टेकता उठून दाखवा म्हटलं, मला जमलं नाही, आणि त्यांनी लगेच डी, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांच्या आजारात वाढणारं एन्झाइम) लिहून दिलं. डी ८ होतं. अल्कलाइन फॉस्फटेज खूप वाढलेलं.

माझं काम दिवसभर घरात, खिडकीपाशी टेबल, भरपूर ऊन यायचं त्यामुळे मला ऊन कमी पडतंय असं कधी वाटलंच नाही. डी तयार करणारे उन्हातले यूव्हीबी किरण काचेतून येतच नाहीत हे तेव्हा समजलं!!

मध्यमा

@पानगळ, अगदी नेमकं लिहिलंत. डी च्या कमतरतेत कंबर आणि मांड्यांचे, खांद्यांचे मोठे स्नायू आधी कमजोर होतात, बोटं आणि पंजे चांगले राहतात. बी१२ मध्ये उलट, पायाच्या टोकापासून सुरू होतं आणि तक्रार ताकदीपेक्षा संवेदनेची असते. हा फरक लक्षात ठेवला तरी डॉक्टरांना नीट सांगता येईल, नाहीतर दोन्हीकडे पेशंट "पायात जीव नाही" एवढंच म्हणतात.

८ म्हणजे फारच कमी. रिपोर्टमधलं २५ हायड्रॉक्सी डी (रक्तातल्या डी ची टेस्ट) साधारण २० नॅनोग्रॅमच्या खाली कमी धरतात, १२ च्या खाली गेलं की हाडं मऊ पडण्याचा धोका. पण आकडा १८ आहे, त्रास काहीच नाही आणि माणूस घाबरून इंजेक्शनं घेतोय असंही बघते मी. आकड्यासोबत माणूस बघायचा असतो.

किनारा

@मध्यमा, रक्त आधी द्यायचं हे पटलं, माझ्या सल्ल्यापेक्षा तुमचंच ऐका सगळ्यांनी. पण डी चं विचारतो, ते जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं ना?

मध्यमा

नाही! बी गटातली आणि सी पाण्यात विरघळणारी, त्यातलं जास्तीचं बरंचसं निघून जातं. ए, डी, ई, के चरबीत विरघळतात आणि साठतात. आठवड्याला एक घ्यायची डी ची मोठी गोळी समजुतीच्या घोटाळ्यात रोज घेतली गेली की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. सारखी तहान, सारखी लघवी, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, म्हातारी माणसं तर बरळायला लागतात, आणि किडनीवर येतं ते वेगळंच. मोठ्यांची रोजची गरज ६०० युनिट, सत्तरीनंतर ८००. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय रोज ४००० च्या वर जायचं नाही. ए चं तर गरोदरपणात विशेष जपायचं, रेटिनॉलचा, म्हणजे ए च्याच एका रूपाचा, जास्त डोस बाळात व्यंग निर्माण करू शकतो.

आणि पाण्यात विरघळणारी म्हणजे पूर्ण सुरक्षित असंही नाही. बी६ बघा. "नसांची गोळी" म्हणून ज्या मिळतात त्यात बऱ्याचदा बी६ भरपूर असतं, आणि बी६ जास्त दिवस जास्त प्रमाणात घेतलं तर त्यानेच हातापायांना मुंग्या आणि बधिरपणा येतो. म्हणजे ज्यासाठी गोळी सुरू केली तेच गोळीने वाढतंय आणि माणूस म्हणतो अजून एक घेऊ. रोजची गरज जेमतेम दीड मिलिग्रॅमच्या आसपास आहे, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये मोठ्यांसाठी कमाल मर्यादा २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एकदा टेबलावर मांडा आणि बी६ किती ते बेरीज करून बघा.

दवबिंदू

माझी मुलगी अडीच वर्षांची. पाय थोडे बाहेरच्या बाजूला वाकलेले वाटतात, मुडदूस असेल का ही भीती वाटतेय. आणि लहान मुलांमध्ये डोळ्यांचं काय बघायचं, ए व्हिटॅमिनसाठी?

मध्यमा

@दवबिंदू, चालायला लागल्यावर साधारण दोन वर्षांपर्यंत पाय थोडे वाकलेले असणं नैसर्गिक असतं आणि आपोआप सरळ होतं. तुमची अडीचची आहे म्हणून एकदा दाखवून घ्या, घाबरू नका. मुडदुसात, म्हणजे डी कमी पडून मुलांची हाडं मऊ होतात त्यात, फक्त पाय नाही वाकत. मनगटं जाड, रुंद होतात, बरगड्यांच्या पुढच्या टोकांना मण्यांसारख्या गाठी हाताला लागतात, टाळू उशिरा भरते, दात उशिरा येतात, मूल चिडचिडं होतं. मनगट बघितलंत का? फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना पहिल्या दिवसांपासून डी चे थेंब, रोज ४०० युनिट, एवढ्यासाठीच सांगतात, कारण आईच्या दुधात डी फार कमी असतं.

ए साठी संध्याकाळी लक्ष द्या. दिवसा धडधाकट खेळणारं मूल तिन्हीसांजेला एका जागी बसून राहतं, अंधुक उजेडात वस्तूंवर आपटतं, समोर पडलेलं खेळणं चाचपडत शोधतं. हा रातांधळेपणा. त्यानंतर डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, चमक जाते आणि बुबुळाच्या बाजूला, कानाकडच्या अंगाला, फेसाळ राखाडी पांढरा त्रिकोणी डाग दिसतो, त्याला बिटॉटचा डाग म्हणतात. इथवर आलं की त्याच दिवशी डॉक्टर, कारण यानंतर बुबुळ मऊ पडून फुटू शकतं आणि गेलेली नजर परत येत नाही. गोवरात तर ए झपाट्याने खाली जातं, म्हणून गोवर झालेल्या मुलांना ए चे डोस देतात.

रानपाखरू

सी बद्दल एक, हिरड्यातून रक्त आलं की सी कमी असं सगळे म्हणतात पण बहुतेकांचं कारण दातांवर साचलेलं किटण असतं, आधी डेंटिस्ट. खऱ्या स्कर्व्हीत, म्हणजे सी फारच कमी पडून होणाऱ्या आजारात, हिरड्या सुजून जांभळट होतात, पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी बारीक बारीक लाल ठिपके येतात, केस स्प्रिंगसारखे वळतात, जुन्या जखमा भरत नाहीत. जेम्स लिंडने १७४७ मध्ये जहाजावरच्या १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले, त्यात संत्री आणि लिंबू मिळालेले दोघंच झटपट उठले, हे बहुतेकांना माहीत असेल. आज स्कर्व्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, दारूचं व्यसन असलेल्यांत आणि तेच ते दोन पदार्थ खाणाऱ्या मुलांत दिसते.

मध्यमा

दारूवरून आठवलं, हे कोणीही विसरू नका. खूप दारू पिणारा माणूस, किंवा आठवडेच्या आठवडे उलट्या होणारी गरोदर बाई, किंवा वजन कमी करायचं पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस अचानक गोंधळलेला वाटला, चाल लडखडली, एकाचे दोन दिसायला लागले, डोळे नीट फिरेनात, तर बी१ संपलेलं असू शकतं. तिन्ही लक्षणं एकत्र असायलाच हवीत असं नाही. रिपोर्टची वाट न बघता थेट इमर्जन्सी. तिथे बी१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर बिघडू शकतं, म्हणून दारूचा किंवा उलट्यांचा इतिहास न लपवता सांगा. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते.

सांजवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते. गोळी काही दिली नाही, आधी रक्त दिलं. बी१२ १३८, फेरिटिन पण कमी, एमसीव्ही नॉर्मल, म्हणजे @मध्यमा यांनी लिहिलं होतं ते झाकाझाकीचं प्रकरणच. ट्युनिंग फोर्कचा कंप दोन्ही अंगठ्यांना अजिबात कळला नाही. बी१२ ची इंजेक्शनं सुरू झालीत, सुरुवातीला दिवसाआड. अ‍ॅसिडिटीची गोळी पण रोजचीच होती, ती खरंच लागते का ते डॉक्टर बघणार आहेत. मुंग्या मात्र दोन इंजेक्शनांनंतर थोड्या वाढल्यासारख्या वाटतायत, हे नॉर्मल आहे का? आणि हे आयुष्यभर घ्यावं लागेल का?

मध्यमा

बरं झालं लवकर केलंत. रक्त लवकर सुधारतं, नव्या पेशी आठवड्याभरात वाढायला लागतात. नसांना महिने लागतात, सहा महिने, कधी वर्ष, आणि जितका उशीर झालाय तितकं थोडं काही मागे राहू शकतं. सुरुवातीला मुंग्या वाढल्यासारख्या वाटणं काहींना होतं, त्यासाठी इंजेक्शन बंद करू नका. पण पायातली ताकद कमी होतेय किंवा लघवीवरचा ताबा सुटतोय असं वाटलं तर लगेच कळवा, मग दुसरं काही आहे का तेही शोधावं लागेल.

आयुष्यभर का, हे कारणावर आहे. आहारात बी१२ नव्हतं म्हणून झालं असेल तर साठा भरून घेतला आणि नंतर गोळी चालू ठेवली की भागतं. मेटफॉर्मिन चालूच राहणार असेल तर अधूनमधून लेव्हल आणि गरजेप्रमाणे डोस, पण मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करू नका. जठरात इंट्रिन्सिक फॅक्टर (बी१२ शोषायला लागणारं प्रथिन) बनणंच थांबलं असेल, म्हणजे पर्निशिअस अ‍ॅनिमिया, किंवा जठर वा लहान आतड्याचा शेवटचा भाग काढलेला असेल, तर कायमच. पर्निशिअस अ‍ॅनिमियाची अँटिबॉडी टेस्ट असते, डॉक्टरांना विचारा, फक्त इंजेक्शननंतर लगेच नको, तेव्हा ती चुकीची पॉझिटिव्ह येऊ शकते. आणि फेरिटिन का कमी हेही शोधाच. या वयात लोह कमी म्हणजे पोटातून कुठून रक्त जातंय का ते बघायला हवं, नुसती लोहाची गोळी देऊन गप्प बसू नका.

अबोली_

शेवटचं एक. घरात कोणालाच काही त्रास नाही, तरी वर्षातून एकदा सगळ्या व्हिटॅमिनचं पॅकेज करावं का?

रानपाखरू

लॅबमध्ये असूनही सांगतो, नको. शुद्ध शाकाहारी, त्यातही दूध न घेणारे, साठीच्या पुढचे, मेटफॉर्मिन किंवा अ‍ॅसिडिटीची गोळी जुनी असलेले, पोटाचं ऑपरेशन झालेले, सीलिअ‍ॅक किंवा क्रोहन्स हे आतड्याचे आजार असलेले, यांनी डॉक्टरांना विचारून बी१२ करावं. ऊन न मिळणारे, सतत पूर्ण अंग झाकलेले, हाड सहज मोडलेले, फिट्सच्या जुन्या गोळ्या चालू असलेले, यांनी डी. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर टेस्टची वाट न बघता डॉक्टरांना विचारून फॉलिक अ‍ॅसिड आधीपासूनच सुरू, रोज ४०० मायक्रोग्रॅम, कारण बाळाचा कणा बंद होतो तो पहिल्या चार आठवड्यांत, बऱ्याचदा दिवस गेलेत हे कळायच्या आत. आणि ज्यांनी डी ची ट्रीटमेंट सुरू केलीय त्यांनी महिन्याभरात परत टेस्टला येऊ नका, लेव्हल स्थिर व्हायला तीन महिने लागतात, तेव्हा या.